शिकवणाऱ्याच्या पायाखालचा क्लच

सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि व्यायामासाठी त्यांना सारखं कराडला न्यावं लागू लागलं. नवरा फौजेत, गाडी दारात, आणि ती चालवणारा एकटा धाकटा दीर. दर वेळी त्याची मर्जी सांभाळायचा वीट आला, म्हणून मी मलकापुरात ड्रायव्हिंग शिकायला नाव घातलं.

शिकवणाऱ्याचं तोंड अखंड चालू. "ताई, आरसा बघा. क्लच हळू. आता रेस द्या." त्याच्या पायाखालीही एक क्लच आणि ब्रेक होता. गाडी कधी बंद पडली नाही. "लय भारी चालवताय," म्हणाला. लायसनही मिळालं.

घरची गाडी मात्र अंगणातच बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. दीर ओसरीवरून म्हणाला, "वहिनी, म्हशीला पण इतकं हिसकं कुणी देत न्हाई." तेव्हा डोक्यात उजेड पडला. इतके दिवस मी नुसतं स्टिअरिंग धरून बसले होते. क्लच त्या शिकवणाऱ्यानेच सांभाळला होता.

जाऊन त्याला सांगितलं, पाय वर घेऊन बसा. "आवं ताई, गाडी माझी हाय. ठोकली म्हंजे?" त्याचंही चूक नव्हतं.

मग दिराला शेजारी बसवलं. तो आणखी वाईट. "सोडा. आता सोडा. न्हाई, आधीच सोडायला पायजे हुता." त्याला उतरवलं. शाळेच्या मैदानात रेस न देता नुसता क्लच सोडत राहिले. गाडी कुठे थरथरते, ते हळूहळू पायाला कळू लागलं. चढावर गाडी काढायची तेवढी शिकायची राहिली होती.

पुढच्या खेपेला दीर नेमका बाहेर. सासूबाईंना मागे बसवून निघाले. हायवेला लागतानाच्या चढावर पुढे उसाची ट्रॉली थांबली. मीही थांबले. निघताना गाडी मागे घसरली आणि बंद पडली. मागून हॉर्न.

"गिअर टाक की," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी जन्मात सायकलही धरलेली नाही.

"आत्या, जरा गप बसा."

हँडब्रेक ओढला, गाडी चालू केली, थरथर येईपर्यंत क्लच सोडला आणि मग हँडब्रेक खाली केला. जळका वास आला, पण गाडी चढली.

दवाखान्यात पोचलो तोवर नंबर गेलेला. उद्या या म्हणाले. माझं डोकं फिरलं. दिराला उद्या गाडी घेऊन येणार का ते विचारायला मोबाइल काढला.

"त्याला कशाला इचारतीस?" सासूबाई म्हणाल्या. "उद्या जरा लवकर निघू."