टेपवर न मावलेला शेवट

पडदे शिवणाऱ्या ताईंचं मशीन गल्लीत सगळ्यांत सावकाश चालायचं. समोरचा चांभार विचारायचा, "ताई, सूर्य मावळायच्या आत पडदा मिळेल ना?" ताई हसायच्या, पण पायाचा वेग वाढवायच्या नाहीत. फोनवर गिऱ्हाइकाला सांगायच्या, "सावकाश या, घाई नाही." त्यांचा पाय एका कॅसेटच्या लयीवर पडायचा, आणि त्या कॅसेटलाही कसली घाई नव्हती.

कॅसेट थोरल्या भावाची. त्याने दुकानातली कात्री धरावी असं बाबांच्या मनात होतं, त्याने परगावचा गायनवृंद धरला. बाबा एकदाच बोलले, "गाऊन पोट भरत असेल तर इथे जेवायला येऊ नकोस." दादाही त्यांचाच मुलगा, आला नाही. पुढे कधीतरी एका ओळखीच्या ड्रायव्हरच्या हाती त्याने ही कॅसेट धाडली. निरोप एवढाच, शेवटपर्यंत ऐका.

ऐकली. तीनेकशे वर्षांपूर्वी प्रार्थनेसाठी रचलेलं समूहगान, देवाकडे दया मागणारं. शब्द परके होते, पण कोमल गंधाराचं दुःख कळायला भाषा लागत नाही. खालच्या आवाजांत दादा होता, ताईंनी लगेच ओळखला. एकामागून एक आवाज पायऱ्या उतरत आले, एकत्र झाले, थांबले, आणि खट्. टेप संपली.

"रडगाणं पाठवलंय," बाबा उठत म्हणाले. "राग गेलेला नाही त्याचा."

विषय मिटला, निदान बोलण्यापुरता. दादासाठी घेतलेल्या कात्रीला मात्र बाबा अधूनमधून धार लावून आणायचे आणि कुणालाही हात लावू द्यायचे नाहीत.

ताईंचं लग्न झालं, मुलगी झाली, नवरा गेला, आणि त्या पुन्हा याच दुकानात येऊन बसल्या. टेपरेकॉर्डर म्हातारा होत गेला तसं गाणं आणखी संथ झालं, आणखी खर्जात गेलं. दादाही असाच थकत असेल, असं त्यांना वाटायचं आणि जीव कासावीस व्हायचा. खट् झालं की राहिलेला सूर त्या स्वतःच गुणगुणायच्या, त्याच कोमल गंधारावर, अगदी पडेल. आत्याकडून मिळालेला दादाचा नंबर त्यांनी भिंतीवर खडूने लिहून ठेवला होता. पुसट झाला की गिरवायच्या, लावायच्या नाहीत. रागावलेल्या माणसाशी बोलायचं तरी काय?

परवा मुलीने तेच गाणं मोबाइलवर शोधून काढलं.

"हे नव्हे," ताई म्हणाल्या. "हे पळतंय. आणि सूर केवढा चढा लावलाय."

"आई, हेच बरोबर आहे. आपला टेप लंगडतोय."

ताईंनी नाक मुरडलं, पण पाय मशीनवरून काढला. आवाज एकत्र आले, थांबले. सवयीने ताईंनी त्याच चढ्या पट्टीत आपला शेवट लावला. मोबाइलमधला सूर त्याच्या वर निघाला. इवलासाच वर, पण कोमल गंधार शुद्ध झाला होता. इतका वेळ दाटून आलेलं सगळं गाणं त्या एका सुराने उजळून निघालं.

"दादाचंही असंच संपत असेल?"

"कुणीही गायलं तरी असंच. रचलंच तसंय."

शेवटपर्यंत ऐका. ताईंना हुंदका आवरेना. तो तिकडे उत्तराची वाट बघत बसला होता, आणि इकडे ही दोघं त्याचा राग निवळायची वाट बघत होती.

बाबा कोपऱ्यात पडद्याच्या कड्या निवडत होते. कानाने आता पार अधू झाले होते. ताई त्यांच्या कानाशी वाकल्या.

"बाबा, ते रडगाणं नव्हतं. टेप अपुरी पडली. शेवट गोड आहे."

बाबांच्या हातातली कडी हातातच राहिली.

"नक्की?"

"आत्ता ऐकला मी."

त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "लाव."

ताईंनी नंबर लावून फोन कानाशी धरला, तशी बाबांनी त्यांची बाही ओढली.

"ये म्हणावं त्याला. आणि सगळ्यांना सांगतेस तसं 'सावकाश ये' म्हणू नकोस."