गाभण ढिगातले शंख

दुष्काळात माणसं हसत नाहीत असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्या खडीच्या कामावर यायला हवं होतं. तिथे फुकट मिळणारी तेवढी एकच गोष्ट होती.

बहात्तर साल पावसाविना गेलं आणि पुढच्या उन्हाळ्यात मी हजेरी कारकून झालो. सोलापूरहून एसटीने तासाभरावर एक उघडाबोडका माळ, माळाच्या पोटात खाण, आणि खाणीच्या तोंडाशी गोणपाटाच्या सावलीत टोळ्याटोळ्यांनी खडी फोडत बसलेल्या बायका. मी विशी ओलांडलेला, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात मस्टर. स्वतःला कलेक्टरच्या खालोखाल समजत असे. बायका मला 'दादा' म्हणत आणि माझ्या चालण्याची हुबेहूब नक्कल करत.

काम असं. खाणीतून निघालेला दगड टोळीच्या वाट्याला यायचा. तो हातोड्याने फोडून रस्त्यासाठी खडी करायची, खडीचा ढीग रचायचा. शनिवारी ओव्हरसियर टेप लावून ढीग मोजणार. माप भरलं तर टोळीची नावं पुढच्या आठवड्याच्या मस्टरवर, नाही भरलं तर नावं कटाप. नाव गेलं की काम गेलं, आणि पोरांना सरकारकडून खायला मिळणारी मूठभर सुकडीही गेली. माळावरून तेव्हा मेलेल्या गुरांची हाडं गोळा करणाऱ्या गाड्या फिरत. नाव कटाप म्हणजे काय, ते कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं.

आता टेप ढिगाची लांबी, रुंदी, उंची मोजते. पोटात काय आहे ते तिला दिसत नाही. म्हणून बायका ढिगाच्या मध्यभागी न फोडलेले मोठे दगड लपवायच्या आणि वरून खडी पसरायच्या. अशा ढिगाला त्या 'गाभण ढीग' म्हणत. मला ठाऊक होतं, ओव्हरसियरलाही असावं. पण पोट बघून बोलायची आपल्याकडे रीत नाही.

आणि मग प्रवेश झाला प्राध्यापकांचा. काय प्रवेश, महाराज! रणरणत्या उन्हात कोट घातलेले साठीकडे झुकलेले गृहस्थ एसटीतून उतरले, कोणाशी अक्षर न बोलता खाणीत गेले आणि दगडाच्या भिंतीसमोर पालथे पडले.

"अगं बया, पडलं की म्हातारं! पानी आना गं!"

"पडलो नाही," खालून आवाज आला. "बघतोय."

ते सोलापूरच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवत. खाणीत वर काळा फत्तर, खाली काळा फत्तर, आणि मधे हातभर जाडीचा पांढुरका थर होता, गारगोटीसारखा कडक. बायकांना तो थर दुष्मनासारखा. फोडताना त्याच्या काचेसारख्या कपच्या उडत. प्राध्यापकांनी त्यातला एक तुकडा उचलून थुंकीने पुसला आणि बायकांपुढे धरला. दगडात नखाएवढे शंख होते, गोगलगायींचे, दगडच झालेले. शेकडो.

आमच्या ह्या खाणीतल्या एका टोळीची कारभारीण होती सांगोल्याकडची. मेंढरं उपाशी मेली तेव्हा काठी टाकून हातोडा धरलेली बाई. जीभ हातोड्याहून जड. ती म्हणाली, "सर, येक न्या की घरी. देवापुढं ठिवा. समदं कशाला पायजे?"

"मावशी, तुमच्या कळपातलं एकच मेंढरू बघून साल कसं गेलं ते कळेल का?"

"येकावरनं काय कळतंय? कळप बघाय लागतो. कोकरं किती ऱ्हायली, म्हातारी किती, कुनाच्या बरगड्या दिसत्यात."

"मला तो कळप हवाय."

मग खडीवर फतकल मारून त्यांनी सांगितलं ते मला अजून आठवतं. फार पूर्वी इथे जमिनीतून तापलेला रस येऊन पसरला, निवला, त्याचा फत्तर झाला. मग कैक वर्षं शांतता. खळग्यात पाणी साठलं, तळं झालं, तळ्यात गोगलगायी झाल्या. पुन्हा रस आला आणि सगळं झाकलं गेलं. कॉलेजच्या कपाटात असे शंख पुष्कळ होते, पण सुटे. कोणी कुठून उचलले, पत्ता नाही. दिसायला छान, अभ्यासाला मुके. "संग्रह शोभेसाठी नसतो," ते म्हणाले. "एका जागचे, खालून वरपर्यंतचे, लहान-मोठे, फुटके-धड असे सगळे ठेवायचे. काय विचारायचं ते आज मला सुचलं नसेल. पन्नास वर्षांनी दुसऱ्या कुणाला सुचेल. तेव्हा उत्तर कपाटात सापडलं पाहिजे. तळं भरलं कसं आणि गेलं कसं, एवढं तरी."

"आटलं आसंल," मागून एक पोरसवदा बाई म्हणाली. "हितं दुसरं काय व्हतंय?"

सगळ्या हसल्या. प्राध्यापक हसले नाहीत. "शक्य आहे," म्हणाले, आणि टिपून घेतलं.

अडचण एवढीच की खाणीतून निघालेला दगड फोडायचाच होता. बाजूला काढला तर ढीग तेवढा कमी आणि माप बुडालं. ओव्हरसियर म्हणाला, "वरून लेखी आणा." वरून लेखी येईतो तळ्याचा रस्ता झाला असता. प्राध्यापक डोकं धरून बसले. त्यांच्याकडे बघून कारभारणीने मला डोळा मारला.

"दादा, तुमी तिकडं त्वांड करा जरा. सर, तुमचं दगुड आमच्या ढिगाच्या पोटात ठिवू. शनवारी माप, आयतवारी बाळंतपन. सोमवारी टरक यायच्या आत तुमची पोरं तुमी न्या."

एवढ्या कडक दगडावर हातोडा घालायला नको, म्हणून टोळीही खूश. मी तिकडे तोंड केलं. इतक्या आनंदाने मी आयुष्यात कधीच तोंड फिरवलेलं नाही.

पहिल्या आठवड्यात थराचा वरचा भाग निघाला, दुसऱ्यात मधला. दोन्ही रविवारी प्राध्यापक भाड्याचा टेम्पो घेऊन आले, कोट काढून ठेवला आणि सुईणीच्या हलक्या हाताने ढिगांतून दगड काढले. प्रत्येकावर रंगाने खूण केली, कुठला भाग वर, कुठला खाली. बाळंत झालेले ढीग खाली बसत. ट्रकवाल्यांना त्याचं सोयरसुतक नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात सगळ्यात खालचा भाग निघाला, जिथे तळ्याची सुरुवात होती. प्राध्यापकांना रविवारपर्यंत दम निघाला नाही, ते शनिवारीच हजर झाले. आणि त्याच शनिवारी मोठे साहेब तपासणीला आले.

साहेबांना उंचावरून बोलायची हौस. भाषण करायला ते नेमके कारभारणीच्या ढिगावर चढले. "भगिनींनो," असं म्हणून त्यांनी हात वर केला. खडी घसरली, साहेब बसले, बसल्या बसल्या खाली आले आणि त्यांच्यामागून घरंगळत आले पांढुरके, न फोडलेले, कलिंगडाएवढे दगड. माझं हसू ओठापर्यंत आलं आणि तिथेच वाळलं.

"ही खडी आहे? या टोळीची नावं काढा."

बायका उभ्या राहिल्या. कुणी रडलं नाही, कुणी पाया पडलं नाही. प्राध्यापकच पुढे झाले. "नावं काढू नका. हे दगड माझ्यासाठी ठेवलेत." मग त्यांनी सगळं सांगितलं, तळं, गोगलगायी, कपाट. साहेबांनी ऐकून घेतलं. गृहस्थ दुष्ट नव्हते. दुष्ट असते तर सोपं होतं. एक सुटा शंख त्यांनी उचलला, उन्हात धरला. "फार सुंदर! मुलाला दाखवतो," म्हणून खिशात टाकला.

"पण मला रस्ता करायचाय, सर. अंधार पडायच्या आत हे फोडून माप भरलं तर नावं राहतील."

"बदल्यात मी दुसरा दगड आणून देतो."

"आणि तो संध्याकाळपर्यंत फोडणार कोण?"

जीप गेली. कारभारीण प्राध्यापकांसमोर येऊन उभी राहिली. "सर, तुमी सांगा. तुमी न्हाई म्हनलात तर आमी न्हाई फोडनार. आमी शबुद दिलाय."

मी टोळीकडे पाहिलं. एका पोराने तळहातावरची सुकडी केव्हाच संपवली होती आणि तो हात चाटत होता. प्राध्यापकांनीही ते पाहिलं. त्यांनी कुणाच्या तरी हातातला हातोडा घेतला आणि पहिला घाव स्वतः घातला.

"फोडा," म्हणाले.

"त्वांड फिरवा, सर! डोळा जाईल!" कारभारीण ओरडली.

मग टोळी सगळीच बसली. दगड उकलला की क्षणभर आतले शंख दिसत, अगदी धड, इवलेसे. लगेच दुसरा घाव. प्राध्यापक मधे हात घालून बघू पाहायचे. "सर, हात काडा," बायका म्हणायच्या. घाई होती, ऊन उतरत होतं. इतरांना तोंड फिरवायला सांगणारी कारभारीण स्वतः विसरली की काय कोण जाणे. एक कपची तिच्या डाव्या डोळ्यात गेली. तिने पदराचा बोळा डोळ्यावर दाबला आणि म्हणाली, "दादा, माप भरलं का बघा."

भरलं होतं. नावं राहिली. प्राध्यापकांनी तिला शेवटच्या एसटीने सोलापूरच्या दवाखान्यात नेलं. डोळा वाचला नाही.

पहिल्या दोन खेपांचे दगड कॉलेजच्या कपाटात आहेत. बाहेरून अभ्यासक येतात, एकेक शंख मोजतात. मधल्या भागापासून वर जावं तसे शंख लहान लहान होत जातात, असं त्यांच्या ध्यानात आलं. म्हणजे त्या पोरसवदा बाईने म्हटलं तसं तळं हळूहळू आटलं असावं. पण सुरुवातीला त्यात पाणी कसलं होतं, पहिल्या गोगलगायी कोणत्या, हे काही सांगता येत नाही. प्रत्येक जण विचारतो, "खालचा भाग कुठाय?" प्राध्यापक होते तोवर अशा पाहुण्यांना घेऊन माझ्याकडे यायचे आणि उत्तर द्यायचं माझ्यावर सोपवायचे, आणि मी तर बोलायची संधी सोडत नाही.

पण त्या पाहुण्यांना मी एक गोष्ट कधी सांगितली नाही. पट्टी बांधून कारभारीण कामावर परत आली, त्या दिवशी प्राध्यापकही आले होते. कोट नव्हता. ते तिच्यासमोर बसले आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. बायकांनी हातोडे थांबवले.

"सर, तुमचं तळं गेलं की वो," ती म्हणाली.

"तुमचा डोळा गेला, मावशी."

"डोळा मला आजून येक हाय. तुमचं तळं हाय का दुसरं?"

"नाही."

"मग रडा तुमी." तिने पुढचा दगड ओढून घेतला. "पर तिकडं सरकून रडा. हितं कपच्या उडत्यात."

प्राध्यापक खरंच उठले आणि बाजूला जाऊन बसले.