शेजाऱ्याच्या टेबलावरची बंदूक

आबा, म्हणजे माझे वडील, आयर्लंडमधल्या कासलबारला माझ्याकडे राहायला आले त्याच्या दुसऱ्या महिन्यातली ही गोष्ट. कोल्हापूरच्या पोलीस मुख्यालयात ते तीस वर्षं आर्मरर होते. बिघडलेल्या बंदुका उघडायच्या, नीट करायच्या, तेल लावून परत शस्त्रागारात ठेवायच्या, हे त्यांचं काम. आई गेल्यावर ते घरात नुसते बसून राहायला लागले, म्हणून मी त्यांना इकडे घेऊन आले. आल्यापासून त्यांनी दोनदा मला मावशीच्या नावाने हाक मारली होती. मी ते हसण्यावारी नेलं होतं.

पलीकडच्या शेतात एक म्हातारे मेंढपाळ एकटेच राहतात. आबांना इंग्रजी येत नाही आणि त्यांना मराठी, तरी दोघांची कुंपणाशी रोज भेट व्हायची. वडील बंदुकांच्या कामात होते, हे मीच त्यांना कौतुकाने सांगून बसले होते. एका शनिवारी जेवण आटोपून मी भांडी घासत होते, तेव्हा ते म्हातारे दारात आले.

"माझी जुनी पंपाची बंदूक अडकत होती. सगळी सोडवली, आता जोडता येईना. कोकरांचे दिवस आहेत, कोल्हे फिरतायत. तुझ्या वडिलांना विचारतेस?"

बंदुकीचं लायसन त्यांच्याकडे होतं, आमच्याकडे नव्हतं. माझा नागरिकत्वाचा अर्ज पडून होता. उद्या गार्डांनी, म्हणजे इथल्या पोलिसांनी, विचारलं तर काय सांगणार? "गावातल्या बंदुकीच्या दुकानात द्या ना," म्हटलं, तर ते म्हणाले, "तो पंधरा दिवस ठेवून घेतो." एवढ्यात आबांनी बूट चढवलेसुद्धा. इंग्रजी बोलणं न कळताही बंदुकीचं काम आहे हे त्यांना कळलं होतं.

शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर सगळे भाग मांडले होते. नळी, दस्ता, चापाचा जोड, दोन-तीन पिना. आबांनी बाह्या सरसावल्या. त्यांचे हात एरवी थोडे थरथरायचे, ते थांबले. त्यांनी एकेक भाग बोटांनी चाचपला, पुसला आणि मी काही विचारायच्या आत जोडायला घेतला. म्हातारे शेजारी थक्क होऊन बघत होते. "ग्रँड, ग्रँड," म्हणत होते. मलाही क्षणभर अभिमान वाटला.

दहा-पंधरा मिनिटांत बंदूक उभी राहिली. आबांनी पंप, म्हणजे नळीखालची सरकती मूठ, मागे ओढला. तो अर्ध्यावर अडला. पुन्हा ओढला, पुन्हा अडला.

"अडकतंय कुठंतरी," ते पुटपुटले आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं. ती नजर मी अजून विसरलेले नाही. त्यांनी मला ओळखलं नव्हतं. मग ते शेजाऱ्यांकडे वळले, टाचा जुळवल्या आणि म्हणाले, "साहेब, हिचा नंबर रजिस्टरला न्हाई."

बंदूक वळली तशी तिची नळीही शेजाऱ्यांच्या छातीकडे वळली. आबांचं बोट चापाजवळ होतं.

"आबा," मी म्हटलं, "नळी खाली करा." त्यांनी ऐकलं नाही. "आबा, मी आहे. आपण शेजाऱ्यांकडे आलोय." काही नाही. म्हातारे भिंतीला टेकले होते, त्यांच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. पुढे होऊन बंदूक धरावी तर झटापटीत काय होईल, या भीतीने माझे पाय जागचे हलेनात.

मी पोलीस लाइनीत वाढलेय. कवायतीच्या मैदानावरचा हुकमाचा आवाज रोज सकाळी कानावर पडायचा. कुठून आला ठाऊक नाही, पण तोच आवाज माझ्या तोंडून निघाला.

"हवालदार! हत्यार खाली!"

आबा ताठ झाले आणि त्यांनी बंदूक हळूच टेबलावर ठेवली. नळी खिडकीकडे. मी त्यांचे दोन्ही हात धरून त्यांना खुर्चीत बसवलं. बऱ्याच वेळाने आबा आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "अगं, तू रडतीस कशाला?"

मग त्यांचं लक्ष बंदुकीकडे गेलं. नळी भिंतीकडे वळवून त्यांनी ती पुन्हा उघडली आणि खालच्या, काडतुसं भरायच्या नळीत वाकून बघितलं. आत एक जुनं काडतूस दमटपणाने फुगून रुतून बसलं होतं. पंप अडत होता तो त्यामुळेच. त्यांनी ते जपून बाहेर काढून वर्तमानपत्रावर ठेवलं.

"मोकळी आहे का, हे मी आधी बघितलंच न्हाई," ते म्हणाले. "तीस वर्षांत असं कधी झालं न्हाई, पोरी." एवढं बोलून त्यांनी तोंडावर हात ठेवला.

शेजाऱ्यांना ते शब्द कळले नसतील. त्यांनी खुर्ची ओढली, आबांच्या शेजारी बसले आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "मीच बघायला हवं होतं. बंदूक माझी आहे," ते मला म्हणाले. सोमवारी ते ती दुकानात देऊन आले.

त्याच आठवड्यात मी आबांना डॉक्टरांकडे नेलं. बाहेरच्या बाकावर त्यांनी माझा हात घट्ट धरला होता. नाव पुकारलं गेलं तेव्हा उठायच्या आधी ते हळूच म्हणाले, "तू आत चल. मी काय बोलतो ते तू ऐक, म्हणजे मी विसरलो तरी कुणीतरी ऐकलेलं असेल."