नंबर कोणाचा टाकला?

पोलीस खात्यात तेहतीस वर्षं काढली. निवृत्त झाल्यापासून लोक भेटले की दरोडे आणि खून विचारतात. सांगतो, पण मनात वेगळंच प्रकरण असतं. त्यात ना रक्त होतं, ना पळापळ. एक बाई माझ्यासमोर बाकावर बसली होती आणि मी तिच्यावर ओरडत होतो. तो माझा आवाज मला अजून ऐकू येतो आणि लाज वाटते. म्हणूनच लिहितोय. नावं कोणाचीच देणार नाही.

शहापूर तालुक्यात एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. जूनमधला बुधवार, सकाळी अकराच्या सुमारास ठाण्यात निनावी फोन आला. गावाबाहेरच्या वाडीवरची एक बाई लोकांची आधार कार्डं गोळा करते, अंगठे घेते आणि बोगस दाखले काढते, अशी बातमी. फोन आमच्या ठाणे अंमलदार हवालदारांनी घेतला. ह्या माणसाला एक खोड होती. कुठलाही फोन येवो, अगदी राँग नंबर असला तरी, वेळ आणि नंबर स्टेशन डायरीत गेलाच पाहिजे. मी त्यांची टिंगल करायचो, "हवालदार, उद्या कावळा ओरडला तरी नोंद घ्याल!" ते हसायचे आणि लिहायचे.

महिला हवालदाराला घेऊन मी स्वतः वाडीवर गेलो. बाई पस्तिशीची असेल. आश्रमशाळेत दहावी झालेली, रोज वाशिंदला कंपनीत पॅकिंगला जायची. त्या दिवशी रजा टाकून घरी होती. तिच्या पिशवीत सतरा जणांच्या आधार कार्डांच्या झेरॉक्स सापडल्या. मी मनाशी म्हटलं, झालं, मुद्देमाल मिळाला. तिला ठाण्यात आणलं आणि तिचा मोबाईल काढून माझ्या टेबलाच्या खणात टाकला.

"पोचपावती द्या साहेब," ती म्हणाली.

"कसली पोचपावती?"

"मोबाईल घेतला त्याची."

मी तडकलो. "मला कायदा शिकवतेस?"

"शिकवत नाय. मागते."

आमची एक जुनी पद्धत आहे. माणसाला आणून बाकावर बसवायचं आणि काहीच विचारायचं नाही. दोन तास गेले की तो आपणहून बोलायला लागतो. खोटारडा असेल तर जास्तच बोलतो. ही बाई चार तास बसली आणि फक्त तीनदा बोलली, तिन्ही वेळा तेच. "साहेब, मोबाईल एकदा उघडू द्या. आमच्या पोरीचा टाइम जातोय." मला वाटलं, साथीदाराला मेसेज करायचा असेल. पोलिसाच्या डोक्यात एकदा संशय शिरला की त्याला सगळीकडे पुरावाच दिसतो.

शेवटी चौकशीला घेतली. कार्डं कशाला जमवलीस? दाखले काढायला. कोणी सांगितलं? कोणी नाय. परवाना आहे? त्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं की आधी महिला हवालदाराचीच नजर खाली गेली.

"मोबाईलवर फॉर्म भराया परवाना लागतो काय साहेब? सरकारनंच सांगितलाय ना, घरबसल्या भरा म्हणून? का ते फक्त गावातल्या लोकांना सांगितलाय, वाडीवरच्यांना नाय?"

"तोंड सांभाळून बोल."

"तोंडच हाय साहेब आमच्याकडं. ते पण सांभाळून ठेवलं तर राहिलं काय?"

बाईमाणसाला सूर्यास्तानंतर ठाण्यात ठेवता येत नाही. साडेपाचला तिला सोडलं, मोबाईल ठेवून घेतला. तिने जाताना पुन्हा पोचपावती मागितली. मी दिली नाही.

गुरुवारी सकाळी नऊला मी ठाण्यात पोहोचलो तर ती माझ्याआधी बाकावर हजर! शेजारी सतरा-अठरा वर्षांची मुलगी, मांडीवर प्लास्टिकची फाइल. ही तिच्या बहिणीची मुलगी. बारावी झाली होती, नर्सिंगच्या यादीत नाव आलं होतं. जातीचा दाखला शुक्रवारी संध्याकाळपर्यंत दिला नाही तर जागा पुढच्या उमेदवाराला जाणार होती. वाडीवरून बारावीपर्यंत पोहोचलेली ही पहिलीच मुलगी.

"उद्याची शेवटची तारीख हाय साहेब," बाई म्हणाली. "मला आत टाका, काय करायचा ते करा. पण मोबाईल एकदा उघडू द्या, तुमच्यासमोर. पोरीचा दाखला निघालाय. तो आमाला मिळत नाय, एवढाच गुन्हा झालाय आणि तो आमी केला नाय."

मुलगी फाइल दोन्ही हातांनी धरून बसली होती. का कोण जाणे, मी खण उघडला आणि मोबाईल टेबलावर ठेवला.

तिने सरकारी पोर्टल उघडलं आणि मुलीचं नाव, आधार टाकलं. तिचा हात सराईत होता. माझ्यासमोर अक्षरं आली: दाखला मंजूर, नऊ महिन्यांपूर्वी. मी चष्मा पुसून परत वाचलं. दाखला उतरवून घ्यायचा तर ओटीपी लागणार आणि ओटीपी जाणार अर्जातल्या मोबाईल नंबरवर. पूर्ण नंबर दिसत नव्हता, फक्त शेवटचे चार आकडे. चारही सात.

"हा तुझा नंबर नाही?"

"नाय. फॉर्मवाल्याचा हाय."

बाजारातला फॉर्मवाला मला माहीत होता. ठाण्यापासून हाकेच्या अंतरावर त्याचं दुकान, कॉम्प्युटर, प्रिंटर, लॅमिनेशन. घरची बरीच शेती. आमच्या ठाण्याच्या झेरॉक्सही तिथूनच यायच्या.

मग तिने जे सांगितलं, ते वाडीच्या माणसांकडूनच घडू शकतं. वाडी दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाते आणि पावसाच्या तोंडावर परत येते. मधल्या काळात रिचार्ज संपतो, नंबर बंद पडतो. पुढच्या साली रस्त्यावरच्या छत्रीखालून नवीन सिमकार्ड. असा दरसाल नवा नंबर. मग फॉर्म भरताना फॉर्मवाला विचारायचा, नंबर कोणाचा टाकू? आणि सगळी वाडी एकच उत्तर द्यायची, "तुझाच टाक रे बाबा, तुझा तरी कायम हाय." भोळेपणाने आपल्या घराची किल्लीच त्याच्या हातात दिली होती. दाखला मंजूर झाल्याचा मेसेज त्याच्या मोबाईलवर यायचा. वाडीला तो सांगायचा, "वरून आला नाय, सही बाकी हाय. तुमी आवणीला या, तवर येतोच."

आवणी म्हणजे भाताची लावणी. आमच्याकडे त्या पंधरा दिवसांत मजूर मिळणं मुश्कील. ह्या पठ्ठ्याला फुकट मिळायचे. ज्याचा दाखला अडलेला, त्याचं घरदार त्याच्या चिखलात वाकलेलं. दोन साल हेच चाललं होतं.

"मग तू तक्रार का नाही केलीस?" मी विचारलं.

"सोमवारी त्याच्याकडं गेले. बोलले, ओटीपी दे, नाय तर पोलिसात जाते. तो हसला. बोलला, जा. मी आज-उद्या तुमच्याकडं येणारच होते, तवर त्यानं तुमालाच माझ्याकडं पाठवला."

माझ्या कानशिलात बसल्यासारखं झालं. पण नुसत्या बोलण्यावर पोलीस चालत नाही. तेवढ्यात ठाणे अंमलदार उठले, स्टेशन डायरी घेऊन आले आणि बुधवारच्या नोंदीवर बोट ठेवलं. निनावी बातमी देणाऱ्याचा नंबर, शेवटी चार वेळा सात. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

फॉर्मवाल्याला बोलावून घेतलं. पांढराशुभ्र शर्ट, खिशात मोबाईल. आला तोच म्हणाला, "काय साहेब, चहा सांगू का सगळ्यांना?" जणू ठाणं त्याच्या सासऱ्याचं! बाईकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

"ह्या मुलीचा जातीचा अर्ज तुम्ही भरला होता?"

"छे हो! मी कशाला? वाडीवरचे लोक स्वतःच काय काय भरतात आणि नाव आमचं घेतात."

"तुमच्याकडे तिचा ओटीपी येत नाही?"

"आईशप्पथ नाही."

मी बाईकडे पाहून मान हलवली. तिने मोबाईलवर बोट टेकवलं. मग त्याच्या शर्टाच्या खिशात मोबाईल वाजला.

"बँकेचा असेल," तो म्हणाला.

"वाचा की कुठल्या बँकेचा ते."

तो वाचेना. महिला हवालदाराने मोबाईल त्याच्या खिशातून काढून घेतला आणि मेसेज मोठ्याने वाचला, सहा आकडे एकेक करून. बाईने ते दाबले. तिच्या मोबाईलवर दाखला उतरला. मुलीचं नाव, वाडीचं नाव, खाली अधिकाऱ्याची डिजिटल सही, तारीख नऊ महिन्यांपूर्वीची. मुलगी पुढे वाकून बघत होती आणि एकदम हुंदका देऊन रडायला लागली. तिची मावशी तिला म्हणाली, "गप गो. आता रडायचा नाय."

"नजरचुकीने राहिला असेल, साहेब," फॉर्मवाला चाचरत म्हणाला. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता.

"हां," बाई म्हणाली आणि माझ्या टेबलावरच्या झेरॉक्स उचलल्या. "मग बाकीच्यांच्या पण नजरचुका बघूया."

मी वाडीवर गाडी पाठवली. माणसं आली, अंगणात उकिडवी बसली. एकेकाचं कार्ड घेऊन ती नंबर टाकत गेली आणि महिला हवालदाराच्या हातातला तो मोबाईल वाजत गेला. सतरापैकी अकरा जणांचे दाखले तयार होते. कोणाचा उत्पन्नाचा, कोणाचा रहिवासाचा, कोणाचा जातीचा. एक म्हातारा प्रत्येक आवाजाला "आला, आला!" म्हणून मांडीवर थाप मारत होता. त्याच्या स्वतःच्या नावावर वाजला तेव्हा मात्र तो गप्प झाला. दोन वर्षं निराधार पेन्शनसाठी ह्याच दाखल्याची वाट बघत त्याने दुसऱ्याच्या शेतात भात लावला होता.

पंचनामा केला, फॉर्मवाल्याचा मोबाईल जप्त केला. त्याची पोचपावती दिली, न मागता! फसवणूक आणि पोलिसांना खोटी खबर देणं, दोन्ही गुन्हे नोंदवले. दुपारी एका वजनदार माणसाचा फोन आला. "साहेब, वाडीवरच्यांना त्या ऑनलाइनमधलं काय कळतंय? कोणीतरी मधे लागतोच. मिटवून टाका." मी म्हटलं, "त्यांना कळतंय म्हणूनच तुमचा फोन आलाय." आणि ठेवला. ठाणे अंमलदारांना सांगितलं, ह्या फोनचीही नोंद घ्या. निवृत्तीला आलेल्या माणसाचं कोण काय वाकडं करणार? बदली झाली असती तर झाली असती.

संध्याकाळी बाई निघाली. मी तिचा मोबाईल परत केला आणि म्हणालो, "बाई, चूक झाली."

"ते लिहून द्या," ती म्हणाली.

"काय?"

"मला इथं आणली, ते अख्ख्या गावानं बघितलाय. बातमी खोटी होती, ते पण कागदावर पाहिजे."

आयुष्यात कोणी असं मागितलं नव्हतं. मी बसलो आणि स्वतःच्या हाताने लिहून सही-शिक्का दिला. तिने तो कागद वाचला, दोनदा. मग घडी घालून पिशवीत ठेवला. शुक्रवारी दुपारी मुलीचा प्रवेश झाला.

त्या वर्षी फॉर्मवाल्याच्या आवणीला वाडीवरून एकही माणूस गेला नाही. मी मुद्दाम त्या रस्त्याने जीप नेली होती. पांढऱ्या शर्टातला गडी आणि त्याचा भाऊ, दोघेच चिखलात वाकलेले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? दोषारोपपत्र मी निवृत्त व्हायच्या आधी दाखल केलं. पुढचं काम कोर्टाचं.

आमच्या वेळी एका दाखल्यासाठी तालुक्याला तीन खेपा व्हायच्या आणि तिन्ही दिवसांची मजुरी बुडायची. साहेब जागेवर असला तर शिक्का नाही, शिक्का असला तर साहेब नाही. आता दाखला माणसाच्या हातात येऊन पडतो. हा सोपेपणा कोणाच्या डोळ्यात खुपतो, ते मी पाहिलंय. काम सोपं झालं म्हणूनच त्याला ते चोरून अडवावं लागलं. 'गरिबाला हे जमणार नाही' असं म्हणणारा माणूस भेटला की मी आता आधी त्याचीच चौकशी करतो, वर्दी नसली तरी.

मी मोठा शहाणा झालो असं मात्र समजू नका. मध्यंतरी रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी सरकारी दवाखान्यात गेलो. केसपेपर आता ऑनलाइन निघतो. टेबलाशी बसलेल्या नर्सने नाव विचारलं, वय विचारलं, मोबाईल नंबर विचारला. मी सवयीने मुलाचा सांगितला. बँक असो, गॅस असो, पेन्शन असो, निवृत्त झाल्यापासून मी सगळीकडे त्याचाच देतो. आपल्याला कुठे ती कटकट?

तिचा हात थांबला. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि मी तिला ओळखलं. मांडीवर फाइल घेऊन बसलेली तीच मुलगी.

"हा तुमचा नंबर हाय काय, साहेब?"

"मुलाचा आहे."

"मग हा नाय चालायचा," ती म्हणाली. "स्वतःचा सांगा."

रांगेतली माणसं बघत होती. मी खिशातून मोबाईल काढला आणि माझा नंबर एकेक आकडा करून सांगितला.