उकळबाई

"विळा उकळल्यावर कुठे ठेवलास? उकळल्यावर, सखूमाय, उकळल्यावर!"

बाई ओरडत होत्या. बाईंचा आवाज असा, की त्या आमच्या रनाळ्यात ओरडल्या तर तिकडे प्रकाशा गावाला तापीच्या डोहात बसलेल्या म्हशी उठून काठावर यायच्या. खोटं वाटेल त्यानं म्हशींना विचारावं. त्या दिवशी मी आत बाजेवर होते. कुशीत आठ दिवसांचा मुलगा होता. त्याचा जबडा मिटला होता तो उघडेना, आणि हात लावला की पोर धनुष्यासारखं मागे ताणायचं. याआधीचे माझे दोन असेच गेले होते. दाराबाहेर आमची म्हातारी सुईण सखूमाय भिंतीला टेकून उभी होती, आणि बाई तिला तेच तेच विचारत होत्या.

या बाई कोण, ते आधी सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल कोणी भांडखोर बाई असेल. भांडखोर होत्याच, पण शिकलेल्या. लहानपणी विधवा झाल्या, भावानं पुण्याला सुइणीच्या शिक्षणाला घातलं, आणि लोकल बोर्डानं आमच्या मुलखात पाठवलं. काम काय, तर गावोगावच्या सुइणींना शिकवायचं. पहिल्या दिवशी बैलगाडीतून उतरल्या तेव्हा हातात पातेलं आणि काखेत हे एवढं डांगर, म्हणजे लाल भोपळा. गावाला वाटलं, कोणाच्या तरी लग्नाला आचारीण आली.

आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, गोठ्यापुढची पडवी त्यांना शिकवायला दिली. गावचे पाटील ते, दोन नातू पुरलेले. तिसऱ्याला काही होऊ नये म्हणून त्यांनी बाईंसाठी हत्तीही बांधला असता. पडवीत बाई मांडी घालून बसायच्या आणि डांगराचं बाळंतपण करायच्या. डांगर पोखरून आत चिंध्यांची बाहुली कोंबलेली, बाहुलीच्या बेंबीला सुतळीची नाळ. एका हिवाळ्यात त्या डांगराला इतकी पोरं झाली, की मूल नसलेल्या बायका त्याची ओटी भरायला निघाल्या होत्या.

"आधी हात, मग तोंड," हे बाईंचं ठरलेलं बोलणं. पडवीत येणारीनं राख लावून हात धुवायचे, नखं दाखवायची, मगच रामराम. पाणी तर सदा उकळतच असायचं. विळा त्यात, दोरा त्यात, फडकी त्यात. म्हणून गावानं नाव ठेवलं उकळबाई. माझा दीर म्हणायचा, एक दिवस ही आबांनाच पागोट्यासकट पातेल्यात टाकेल.

सखूमाय मात्र त्यांना पुरून उरायची. निम्मं रनाळं तिच्या हातावर जन्मलेलं.

"बाई, तुन्हं डांगर रडत नई," ती म्हणायची. "मन्ही बाळंतीन लाथ मारस."

"मग तू मार लाथ. मी डांगर सोडून तुझ्याशी झुंजते."

पडवीभर हसू. पण घरी जाऊन सखूमायनं नवा विळा घेतला आणि वेगळं पातेलंही केलं. डांगरावर तिचा हात बसला तेव्हा बाईंनी तिची पाठ अशी थोपटली, की म्हातारी दोन दिवस पालथी झोपली.

माझे दिवस भरले तेव्हा बाई खापर गावाला शिकवायला गेल्या होत्या. सखूमायनं राखेनं हात घासले. विळा खळखळ उकळला. मी डोळ्यांनी पाहिलं, आणि आबांनी बाहेर साखर वाटली. आठव्या दिवशी पोरानं दूध सोडलं. गाडी धाडून बाईंना आणलं. त्यांनी पोराकडे एकदा पाहिलं, हात त्याच्या कपाळावर ठेवला आणि तशाच बाहेर गेल्या.

"देवनी आन, बाई, खळखळ उकाळा," सखूमाय रडत होती.

"उकळलास. मग? लगेच कापलीस नाळ?"

"लगेच कशी कापू? इतला सोवळा ईळा, पहिले देवीले नई दखाडू का? शेनना गोळामा उभा करा, हयद-कुकू लावं, पाया पडनू. मंग कापी."

आमच्याकडे नाळ कापलेला विळा पाचवीला पुजतात. पण हा विळा इतका चोख, की सखूमायला पाचवीपर्यंतही दम निघाला नाही. देवीचा मान तिनं आधीच करून टाकला.

"शेणात?" बाई म्हणाल्या, इतक्या हळू, की मला आत जेमतेम ऐकू आलं.

दिवस मावळायच्या आत पोर गेलं.

आबा ओट्यावर आले. सगळं गाव अंगणात. "मन्हा नातू गया," ते म्हणाले. "कोनी चूक शे, सांगा. हाई म्हातारीनी व्हई, तं आजपासून ती कोनाच घरमा जावाव नई."

सखूमायनं डोक्यावरचा पदर तोंडापर्यंत ओढला.

"चूक माझी," बाई म्हणाल्या. "तिनं मी शिकवलं तसंच केलं. माझंच शिकवणं खोटं निघालं."

मग काय विचारता! कोणी डांगर फोडलं, कोणी पातेलं उकिरड्यावर फेकलं. पोरं खाणारी बाई, असं ओरडत बायका पडवीवर माती उधळू लागल्या. आबांनी तोंडही न बघता गाडी जुंपायला सांगितली.

निघताना बाई माझ्याकडे आल्या. आधी हात धुतले. माझं दूध दाटून आलं होतं, चोळी भिजून गेली होती. लुगड्याचा धडपा फाडून त्यांनी तो माझ्या छातीवर घट्ट आवळायला घेतला.

"बाई," मी म्हटलं, "चूक तिनी व्हती. तुम्ही का बरं आंगवर लिन्ही?"

त्यांनी गाठ मारली, ओढून पाहिली.

"पुढची नाळ तीच कापणार आहे," त्या म्हणाल्या.