पाचवीच्या दिवशी उंबरा ओलांडला

माझी पाच दिवसांची पोर हलवली तरी जागी होईना, आणि पाचवीच्या पूजेला जमलेल्या बाया हसत होत्या. मोठी जाऊ म्हणाली, "पहिलटकरीण ना, हिला सगळ्याचीच भीती. गुणाची पोर हाय, झोपू दे." पोर पिवळी पडली होती, तर म्हणे रंग उजळलाय. शेगडीवर ओवा जळत होता, डोळे चुरचुरत होते. सकाळपासून ती अंगावर प्यायली नव्हती आणि माझा ब्लाऊज दुधानं भिजला होता. बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नसतो, तरी शेवटी मी तिला दुपट्यात गुंडाळलं आणि सगळ्यांसमोरून, डोक्याला फडकं बांधलेली, अनवाणीच बाहेर पडले. रस्त्यावर न्हावा शेवा बंदराकडं जाणाऱ्या ट्रकांची रांग होती, ड्रायव्हर वाकून बघत होते. लाजेनं माझी मान वर होईना. मागून सासू आली, हातात माझ्या चपला. मला वाटलं, ओढत घरी नेणार. ती म्हणाली, "घाल पायात. तुला दिसतंय म्हंजे काय तरी हाय." दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, कावीळ बरीच चढलीय, कुणाच्या लक्षात आलं? सासू म्हणाली, "हिच्या." अजूनही ओव्याचा धूर नाकात गेला की मला तो ओला ब्लाऊज आठवतो आणि मी शरमेनं पदर ओढून घेते. मुलगी जगली.