सोमारीबाईचा फोटो

सोमारीबाई माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायची, आधी हाताकडे. धानोऱ्याच्या दवाखान्यात मी नर्स म्हणून नवी रुजू झाले, तेव्हा पहिल्याच बाजाराच्या दिवशी तिने माझं मनगट धरलं आणि भाजीतलं वांगं उलटंपालटं करून बघावं तसं फिरवलं. मग मान हलवून म्हणाली, "नर्सबाई, कोराच हाय वं हात! असीच जाशीन का वरती?"

ती गोंदणारीण होती. बाजारात चिंचेखाली बसायची. तीन सुया दोऱ्याने एकत्र बांधलेल्या, दिव्याची काजळी तेलात कालवलेली, आणि शेवटी लावायला हळद, एवढंच तिचं दुकान. पोरी रडायच्या, आया त्यांना धरून बसायच्या, आणि सोमारीबाईचं तोंड सुयांच्या जोडीने चालू असायचं. तिचं एक वाक्य सगळ्या बाजाराला पाठ होतं. "सोनं इथीच राह्यते, लुगडं इथीच राह्यते. गोंदण तेवढं संगं येते." आमच्या दवाखान्यात मी सुया उकळून घ्यायची, त्यामुळे तिच्या सुयांवरून आमची दर बाजाराला जुंपायची. "तुही सुई ताप काढते, माही सुई वळख देते," असं म्हणून ती मला गप्प करायची. तरी भांडण झाल्यावर एखादं सीताफळ माझ्या ओट्यावर ठेवून जायला ती विसरत नसे.

तिच्या स्वतःच्या उजव्या हातावर मनगटापासून वर ठिपक्यांच्या दोन ओळी होत्या आणि त्या दोन्हींच्या मध्ये एक एकटा ठिपका. तो कशाचा, ते तिनेच एकदा सांगितलं. तिची एकुलती पोर जानो. तिला गोंदायला बसवलं तर पहिल्याच टोचण्याला तिने आकांत केला. सोमारीबाईने सुया ठेवून दिल्या. "एकच ठिपका झाला तं झाला. मी बी माह्या हातावर तसाच काढला. म्हटलं, मोठी झाली का बाकीचं काढू." जानो मोठी झालीच नाही. त्या साली आलेल्या तापात गेली. त्यांच्यात पुरतात. सोमारीबाईने पोरीला मातीत ठेवताना तिचा हात ठिपका वर येईल असा ठेवला होता. "त्या ठिपक्यानं थे मले वळखीन," ती म्हणाली, आणि लगेच दुसऱ्या पोरीचा हात ओढून कामाला लागली. तिचं सगळं दुःख त्या एका ठिपक्यावर टेकून उभं होतं.

एका बाजाराच्या दिवशी एक गोऱ्हा उधळला आणि त्याने तिला पाडलं. उजवा हात कोपराच्या खाली सुजून मांडीसारखा झाला. हाड मोडलंय हे दिसतच होतं, पण कुठे आणि कसं, ते कळायला चांद्याच्या मोठ्या दवाखान्यात जायला हवं होतं. मी बांबूच्या खपाटीच्या दोन पट्ट्या लावून हात बांधला आणि तिला म्हटलं, "चांद्याला जाऊन हाताचा फोटो काढायचा आहे." आमच्याकडे एक्स-रेला सगळे फोटोच म्हणायचे. डॉक्टरही म्हणायचे.

मीच सोबत गेले. मोटार, मग नाव, मग पुन्हा मोटार. वाटेत मी तिला सगळं नीट समजावलं. दुखत नाही, सुई नाही. हातावर धातू चालत नाही, तेव्हा कडं काढावं लागेल. हात आधी पालथा नाही, उताणा ठेवायचा, मग कुशीवर, असे दोन फोटो. ते म्हणतील तेव्हा अजिबात हलायचं नाही. कडं काढायचं म्हटलं की बाया रडून गोंधळ घालतात, हे मला ठाऊक होतं. हिने हसून तेल लावून कडं उतरवू दिलं. सूज होती, कळ डोक्यात गेली असेल, पण तोंडातून ब्र नाही. "घे. थे तं इथीच राह्यनार हाय."

चांद्याच्या दवाखान्यात पट्ट्या सोडल्यावर नळावर मात्र तिने वेळ लावला. डाव्या हाताने ती उजवा हात हळूहळू धुऊन काढत होती, पदराने पुसत होती. आत गेल्यावर फोटो काढणाऱ्या भाऊंना म्हणाली, "भाऊ, गोंदण साजरं आलं पायजे बरं." ते दुसऱ्या रोग्याच्या गडबडीत होते. "हो हो, हलू नका," एवढंच म्हणाले. मी बाहेर कडं धरून उभी होते. मला हसू आलं. तिला काय वाटतंय ते माझ्या ध्यानातच आलं नाही.

फिल्म ओलीच होती. डॉक्टरांनी ती खिडकीशी धरून मला मोडलेली जागा दाखवली. दोन हाडांपैकी एकच मोडलं होतं, तेही सरळ, म्हणजे प्लास्टरने जुळण्यासारखं. मी आनंदाने वळले, तर सोमारीबाई त्या फिल्मकडे टक लावून बघत होती.

"हे कोनाचं होय?"

"तुझाच हात आहे, बाई."

"मंग गोंदण कुठी हाय?"

"यात कातडी येत नाही," भाऊ म्हणाले. "फक्त हाड येतं."

तिने डाव्या बोटाने हातावरचा एकटा ठिपका चाचपला. प्लास्टर घालून आम्ही परतीच्या मोटारीत बसलो. नावेत बसल्यावर पाण्याकडे बघत तिने विचारलं, "नर्सबाई, मातीत शेवटी काय राह्यते?"

मी नर्स. मला उत्तर माहीत होतं. मी म्हटलं, "असं काही विचारू नये."

"हाडच राह्यते ना? मंग माह्या पोरीचा ठिपका तं केव्हाचाच गेला."

मी तिच्या गळ्यातली प्लास्टरची झोळी सारखी केली.

हात जुळला, चांगला जुळला. पण चिंचेखालची जागा रिकामीच राहिली. आया पोरींना घेऊन तिच्या दारात जायच्या आणि ती त्यांना परत पाठवायची. "काऊन वं सोमारी, हात दुखते का?" कुणी विचारलं तर म्हणायची, "हात नाई दुखत. पर आता मले थे बोलनं नाई बोलता येत." ते वाक्य म्हटल्याशिवाय तिला सुई धरता येत नव्हती. मी तिच्याशी भांडून पाहिलं, माझा कोरा हात पुढे करून पाहिला. ती तो नुसता कुरवाळून सोडून द्यायची.

पुढच्या हिवाळ्यात तिच्या छातीत कफ भरला. औषध घेऊन गेले, तेव्हा अंगात ताप होता आणि डोळे मात्र पहिल्यासारखे चमकत होते. तिने गोधडीखालून मोहाच्या पानांत गुंडाळलेली, चांद्याहून आणलेली ती फिल्म काढली. "उजेडात धर."

मी दारात जाऊन धरली. दोन पांढरी हाडं, आणि दोन्हींवर मनगटापासून वर काळ्या ठिपक्यांची एकेक ओळ. तिने आपल्या तीन सुयांनी फिल्म टोचून त्यात काजळी चोळली होती. हाडांच्या मधल्या काळोख्या जागेत एकच ठिपका होता आणि तो चमकत होता.

"काळ्यावर काजळ दिसत नाई ना वं," ती म्हणाली. "म्हून त्याले खुला सोडला. आता हाडावर बी गोंदण हाय. थे वळखीन ना मले?"

"ओळखेल," मी म्हटलं. मला त्यातलं काही कळत नव्हतं, आणि तरी ते मी मनापासून म्हटलं.

दोन दिवसांनी ती गेली. तिच्या भाच्याने कडं तिच्या हातात घालायला आणलं, तेव्हा मीच त्याला थांबवलं. ते इथेच राहणार होतं. मी फिल्म तिच्या उजव्या हाताखाली ठेवली. माणसं उचलायला पुढे आली आणि माझ्या मनात आलं, फिल्म उलटी ठेवली तर उजवा हात डावा दिसतो, आणि पोर गोंधळेल. मी सगळ्यांना थांबायला सांगितलं, फिल्म पुन्हा काढून उन्हात धरली. मधल्या ठिपक्यातून ऊन आलं आणि माझ्या कोऱ्या मनगटावर पडलं.